परदेशी विद्यापीठाशी कॅन्सर संशोधनाची भागीदारी: सही करण्याआधी काय बघायचं?

तुमचा प्रश्न मी असा समजले. मराठवाड्यातल्या एका ट्रस्टच्या वैद्यकीय महाविद्यालयात तुम्ही पीएसएम (रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक) विभागात सहायक प्राध्यापक आहात. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या कॅन्सर सेंटरने ग्रामीण स्त्रियांमधल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर एकत्र संशोधन आणि तुमच्या पीजी विद्यार्थ्यांना प्रशिक्षण असा प्रस्ताव पाठवला आहे. डीन म्हणतात, नॅकच्या मूल्यांकनाला कामाला येईल, एमओयू (सामंजस्य करार) करून टाका. तुम्हाला धास्ती आहे की आपण फक्त नमुने गोळा करून देणारे ठरू. म्हणून करू की नको, आणि डीनना काय सांगू, असं तुम्ही विचारलंय.

एमओयू करायला माझी हरकत नाही. त्यात पैसा नसतो, मुदत संपली की तो आपोआप विरतो, आणि असे डझनभर एमओयू प्रत्येक महाविद्यालयाच्या कपाटात पडून असतात. पत्रिका छापली म्हणजे संसार उभा राहिला असं होत नाही. तुम्हाला ज्याची भीती वाटतेय ते एमओयूत घडत नाही. ते घडतं नंतर काही महिन्यांनी, अनुदानाचा अर्ज घाईघाईत तयार होत असतो तेव्हा. 'उद्यापर्यंत सपोर्ट लेटर पाठवा' अशी मेल येते. तोवर संशोधनाचा विषय ठरलेला असतो, बजेट बसवलेलं असतं आणि तुमच्या वाट्याला फक्त किती बायका आणून द्यायच्या तो आकडा उरलेला असतो. म्हणून खरा प्रश्न असा आहे: अर्ज लिहिला जात असताना विषय, पैसा आणि माहिती यांवर तुमचा शब्द चालणार आहे का? आणि पैसा संपल्यावर तुमच्या तालुक्यात काय शिल्लक राहणार आहे?

आता, तुम्ही लिहिलेलं नाही असं बरंच आहे आणि माझं उत्तर त्यावर थोडंफार बदलेल. तुमच्या स्त्रीरोग विभागात कोल्पोस्कोपी (गर्भाशयमुखाची दुर्बिणीतून तपासणी) रोज होते की यंत्र कापडाखाली झाकलेलं आहे? रेडिओथेरपीचं सर्वांत जवळचं केंद्र किती तासांवर आहे? त्या विद्यापीठाकडे पैसा आज हातात आहे की 'मिळाला तर करू' असं आहे? आणि तुमच्या महाविद्यालयाची गावांमधली ओळख कशी आहे? रुग्णालयाच्या बिलांवरून लोक नाराज असतील तर तुमचं नाव घेऊन दारात जाणाऱ्या आशाताईलाही त्रास होतो. या चारांपैकी शेवटचं कुणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तुमची भीती अमेरिकेतही जुनी आहे. तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने, म्हणजे एनसीआयने, २००१ पासून एक योजना चालवली. मोठी कॅन्सर सेंटर एकीकडे आणि वंचित समाजांतल्या विद्यार्थ्यांना शिकवणारी, तुलनेने लहान विद्यापीठं दुसरीकडे, अशा जोड्या लावायच्या. मेहारी मेडिकल कॉलेज आणि व्हँडरबिल्ट, पोर्तो रिकोतलं पाँसे आणि फ्लोरिडातलं मॉफिट, नॉर्दर्न ॲरिझोना आणि युनिव्हर्सिटी ऑफ ॲरिझोना, अशा. अलाबामातलं टस्कीगी विद्यापीठ, शेजारच्या जॉर्जियातलं मोरहाउस आणि अलाबामातल्याच बर्मिंगहॅमचं कॅन्सर सेंटर असं एक त्रिकूटही त्यात होतं. टस्कीगी हे नाव वैद्यकातल्या माणसाला सांगायला नको. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता 'पाहिला'. त्या भागात जाऊन 'आम्ही संशोधनाला आलोय' म्हणायचं तर नुसता पैसा पुरत नाही, दारात उभं राहायला तिथलाच माणूस लागतो.

या योजनेतलं मला पटलेलं कलम साधं आहे: प्रत्येक संशोधन प्रकल्पाला दोन्ही संस्थांचा एकेक प्रमुख हवाच. संशोधनाचं शिक्षण आणि लोकांपर्यंत पोचण्याचं काम यांना स्वतंत्र विभाग आणि स्वतंत्र पैसा. वर बाहेरच्या लोकांची सुकाणू समिती, जी दोन्हीकडच्यांना जाब विचारते. ही योजना अमेरिकी संस्थांसाठीची, तुम्हाला त्यात थेट अर्ज करता येणार नाही. पण साचा उचलायला कुणाची परवानगी लागत नाही. तुमच्या भागीदाराला विचारा, 'आपल्याही प्रकल्पात दोन प्रमुख ठेवू या ना?' उत्तर यायला किती दिवस लागतात तेही बघा.

विषय कुणाचा असावा, याचं मला आवडणारं उदाहरण ग्वामचं आहे. प्रशांत महासागरातलं हे बेट, तिथलं विद्यापीठ लहान, आणि जोडीदार हवाई विद्यापीठाचं कॅन्सर सेंटर. ग्वाम आणि आसपासच्या बेटांवर सुपारी चघळण्याची सवय घरोघरी आहे, कुणी नुसती खातं, कुणी चुना-तंबाखू लावून. आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने) सुपारीला स्वतंत्रपणे कॅन्सरकारक ठरवल्याला वीस वर्षं उलटून गेली. धूम्रपान सोडवण्याचे कार्यक्रम जगात ढिगाने होते, सुपारी सोडवण्याचा तपासून पाहिलेला कार्यक्रम मात्र सापडायला कठीण. या जोडीने तो उभा केला आणि रीतसर चाचणी घेतली. हा विषय होनोलुलूत बसून सहज सुचला नसता, तो ग्वामच्या लोकांच्या तोंडातच होता. आपल्याकडे गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर सुपारी-तंबाखूच्या पुड्या वेगवेगळ्या मिळतात, ग्राहक घरी मिसळतो. सांगायचं एवढंच की तुमच्याकडेही असा एखादा विषय नक्की आहे, जो फक्त तुमच्या ओपीडीत बसणाऱ्यालाच दिसतो. तो एका पानावर लिहून ठेवा, भागीदाराची पहिली झूम मीटिंग होण्याआधी.

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर एक मी सुचवते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. त्यांतल्या कित्येकींना 'नाही काढली तर कॅन्सर होईल' असं सांगितलं गेलं होतं. आता त्याच गावांत तुम्ही 'कॅन्सरची तपासणी' म्हणून जाणार. पस्तिशीतल्या बाया सांगतात, माझी पिशवी काढलीय, मला काय तपासता? एक तर टक्केवारी काढताना तुमचा छेद (खालचा आकडा) चुकतो, कारण मतदारयादीवरून काढलेल्या तीस ते साठ वयाच्या बायकांत किती जणींना गर्भाशयमुखच नाही हे आधी कळत नाही. दुसरं म्हणजे कॅन्सर या शब्दाने तिथे आधीच एकदा फसवलेलं आहे. अमेरिकेतून आलेल्या प्रश्नावलीत यातलं काहीही नसेल. ते तुम्हालाच घालावं लागेल.

प्रश्नावलीवरून आठवलं. एनआयएचच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेच्या, पैशावरच्या प्रकल्पात सहभागी व्यक्तींचा वंश आणि वांशिकता यांचा तक्ता भरून द्यावा लागतो. तुमच्या सगळ्या बायका त्यात एकाच खान्यात जातील: आशियाई. दहा हजार बायका, एक खाना. आपल्याकडची तफावत जात, जमीन, स्थलांतर, नवऱ्याचं व्यसन, एसटीचा शेवटचा थांबा यांत आहे. दिवाळीनंतर सहा महिने फडावर असणारी बाई आणि बारमाही गावात राहणारी बाई यांच्यात कॅन्सर कुठल्या टप्प्यावर सापडतो, यात फरक पडतो का? हे मोजायचं असेल तर रकाना तुम्ही सुरुवातीलाच आखला पाहिजे. नंतर जोडता येत नाही, कारण एथिक्स कमिटीकडे दुरुस्ती पाठवायला कुणालाच वेळ नसतो.

चांगल्या भागीदारीचं उदाहरण शोधायला तुम्हाला लांब जायची गरजही नाही, बार्शीला जा. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली गावं, मुंबईहून टाटा मेमोरियलची साथ आणि स्थानिक नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. शहरात नोंदणी म्हणजे रुग्णालयांची दप्तरं चाळायची. खेड्यात ते चालेना, कारण माणसं रुग्णालयात पोचतच नव्हती. मग डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने यांच्या चमूने उलटं केलं. नोंदणीचे कार्यकर्ते ठरावीक दिवसांनी गावोगाव जायचे, बैठक घ्यायचे, अंगावरून जाणं, न भरणारी जखम, स्तनातली गाठ अशी लक्षणं सांगायचे आणि संशय असेल त्याला बार्शीला आणायचे. नोंदणी करता करता लोकांना माहिती मिळत गेली, आणि काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडू लागला. तो निष्कर्ष १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. ना नवं यंत्र, ना नवं औषध.

या पायावर पुढची मोठी चाचणी उभी राहिली. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया आणि चार गट: एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणी, पॅप स्मिअर (पेशींची तपासणी), व्हिनेगरसारखं पातळ ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी म्हणजे व्हीआयए, आणि नेहमीच्या सेवेचा तुलना गट. फ्रान्समधल्या लियाँची आयएआरसी, मुंबईचं टाटा आणि बार्शीचं रुग्णालय असे तीन भागीदार. गेट्स फाउंडेशनचा पैसा. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष आला: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्या गटातले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तुलना गटात ६४, एचपीव्ही गटात ३४. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती देते, त्यामागच्या पुराव्यांत धाराशिवकडच्या बायकांचा वाटा आहे. लेखकांची नावं बघा. पहिलं नाव लियाँच्या डॉ. शंकरनारायणन यांचं, आणि लगेच दुसरं बार्शीच्या डॉ. नेने यांचं. तुमच्या करारात लेखकांचा क्रम कसा ठरेल हे आधी लिहून घ्या, असं मी का म्हणते ते यावरून कळेल. शेवटी आभारात 'स्थानिक चमूचे' म्हणून उल्लेख येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

बार्शीचं यश मी तीन गोष्टींना देते. रुग्णालय आधीपासून तिथे होतं. संशोधनाच्या आधी दहा वर्षं गावात ये-जा होती. आणि सापडलेल्या बाईवर उपचार तिथेच व्हायचे, तपासणी करणाऱ्या एएनएमच्या (गावपातळीवरच्या परिचारिकेच्या) हाताला पुढे डॉक्टरचा हात जोडलेला होता. तुमच्या प्रस्तावात या तिघांपैकी काय आहे ते तपासा. तिन्ही नसतील तर चाचणी-बिचणीच्या भानगडीत न पडता आधी दोन वर्षं नुसती नोंदणी आणि उपचाराचा रस्ता बसवण्यासाठी भागीदारी करा. अमेरिकी भागीदाराला हे कमी आकर्षक वाटेल, कारण त्यातून मोठा पेपर निघत नाही. त्यांनी तरीही होकार दिला तर माणसं चांगली आहेत.

याच चाचणीवरून, आणि टाटाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत घेतलेल्या व्हीआयए चाचणीवरून, मोठा वाद झाला तेही सांगायला हवं. मुंबईची चाचणी अमेरिकेच्या एनसीआयच्या पैशावर झाली. जेमतेम शालेय शिक्षण झालेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक महिलांनी दर दोन वर्षांनी तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पण तुलना गटातल्या बायकांना तपासणी दिली नव्हती, फक्त माहिती दिली होती, आणि त्यांतल्या काही जणी मेल्या. अमेरिकेत हे चाललं असतं का, असा सवाल टीकाकारांनी केला. बाजूने म्हणणाऱ्यांचं उत्तर असं की देशात तेव्हा नेहमीची सेवा म्हणजे काहीच नव्हतं आणि पुराव्याशिवाय सरकार हलत नव्हतं. मला दोन्ही बाजू कळतात. आज मात्र परिस्थिती बदललीय: सरकारचीच २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची व्हीआयए तपासणी सांगतात. त्यामुळे आज कुणी तुमच्यापुढे 'तपासणी न दिलेला गट' असलेली आखणी ठेवली तर तिथेच थांबा. चालणारे प्रश्न वेगळे आहेत: स्वतः घेतलेला नमुना की नर्सने घेतलेला, आशाताईने बोलावलं की बचत गटाने, त्याच दिवशी उपचार की नंतर.

'त्याच दिवशी' यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण भागीदारी खरी आहे की दिखाऊ हे मला इथेच कळतं. उपकेंद्रातलं दृश्य डोळ्यांपुढे आणा. खाटेवर रेक्झिन, बाजूला टॉर्च किंवा हॅलोजन, कापसाचा बोळा ॲसेटिक ॲसिडमध्ये बुडवून लावला, मिनिटभर थांबलं, पांढरा चट्टा उमटला. सिस्टरने वहीत 'पॉझिटिव्ह' लिहिलं आणि जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. बाई बेचाळीस वर्षांची. सोयाबीन काढणीला आलंय. ती म्हणते, मला तर काही दुखत नाही, दिवाळीनंतर बघू. जायचं तर सकाळची एसटी, सोबत कुणीतरी हवं, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. कोल्पोस्कोपी गुरुवारीच होते हे तिला तिथे गेल्यावर कळतं. ती परत जात नाही. मी पाहिलेल्या कित्येक प्रकल्पांच्या तक्त्यात 'रेफर केले' असा रकाना होता आणि त्यात सगळीकडे बरोबरची खूण. 'पोचली' हा रकाना नव्हता, 'उपचार झाले' हा तर लांबच. अहवाल सुंदर दिसायचा.

त्यामुळे प्रस्ताव हातात आला की मी पहिल्यांदा शास्त्र वाचत नाही, बजेटचं पान उघडते. त्यात रुग्णाच्या आणि सोबतच्या माणसाच्या प्रवासाचे पैसे आहेत का? बुडालेल्या मजुरीची काही सोय? तालुक्यालाच थर्मल ॲब्लेशनचं हातात मावणारं यंत्र, की ज्याने कॅन्सरपूर्व बदल त्याच भेटीत जाळता येतात? बायोप्सीत कॅन्सर निघाला तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं भरून देणारा वैद्यकीय समाजसेवक? या ओळी अमेरिकेतला लेखा विभाग खोडतो, 'हा संशोधनाचा खर्च नव्हे' म्हणून. तिथे वाद घाला. त्यांना त्यांच्याच भाषेत सांगा की रुग्ण मध्येच गळाले तर निष्कर्षच निघणार नाही. हे पटतं.

पैशाबद्दल थोडं रोकठोक. अमेरिकी विद्यापीठ ओव्हरहेड म्हणून, म्हणजे संस्थेच्या सामायिक खर्चापोटी, थेट खर्चावर ५०-६० टक्क्यांपर्यंत घेतं, परदेशी संस्थेला एनआयएचने वर्षानुवर्षं ८ टक्केच दिले. म्हणजे तुमची वीज, तुमचा लेखापाल, तुमची गाडी या सगळ्याचा भार त्या आठात. म्हणून ड्रायव्हर, डिझेल, अकाउंटंट हे थेट खर्चात नावानिशी दाखवा. तुमचं महाविद्यालय ट्रस्टचं असल्यामुळे एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी लागेल, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर आलेला परदेशी निधी एका संस्थेकडून दुसरीकडे वळवता येत नाही. 'पैसे आमच्या पुण्याच्या सहयोगी संस्थेकडे येतील, ती तुम्हाला देईल' असं कुणी सुचवलं तर सीएला विचारल्याशिवाय मान हलवू नका.

त्यात २०२५ ने सगळ्यांचीच गणितं बिघडवली. त्या वर्षी एनआयएचने आरोग्य विषमतेशी संबंधित अनेक अनुदानं मध्येच रद्द केली, आणि मे महिन्यात जाहीर केलं की अमेरिकी संस्थेच्या अनुदानातून परदेशी संस्थेला उप-अनुदान ही जुनी पद्धत बंद करून नवी रचना आणणार. तुमच्या भागीदाराला सरळ विचारा: पैसा एनआयएचचा, फाउंडेशनचा की विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतला? तो उद्या थांबला तर पॉझिटिव्ह निघालेल्या बायकांचं काय, याची लेखी तरतूद आहे का? माझा आग्रह असतो की उपचाराचा पैसा पहिल्याच वर्षी वेगळ्या खात्यात ठेवावा आणि प्रकल्प थांबला तरी तो पुरवून वापरता यावा. आधी हे ऐकून लोक हसायचे, आता हसत नाहीत.

नमुने आणि माहिती. ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनमध्ये राहणारी हवासुपाई जमात आहे. १९९० च्या दशकात एका विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचं रक्त घेतलं, लोकांची समजूत अशी की मधुमेहासाठी. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया आणि जमात मुळात कुठून आली यावर काम झालं. कोर्टकचेरी झाली, २०१० मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. तुम्ही घेणार असलेला गर्भाशयमुखाचा नमुना उणे ८० अंशांत वर्षानुवर्षं टिकतो आणि त्यात त्या बाईचा सगळा जनुकीय मजकूर असतो. म्हणून करारात लिहून घ्या: मूळ नमुने भारतात, बाहेर गेलेच तर ठरलेल्या कामापुरते, उरलेले नष्ट केल्याचा दाखला, आणि नव्या वापरासाठी तुमच्या एथिक्स कमिटीची नव्याने मंजुरी. डेटाची पूर्ण प्रत तुमच्या सर्व्हरवर, पहिल्या दिवसापासून. 'विश्लेषण आम्ही करून पाठवू' हे वाक्य गोड असतं, पण त्याने तुमचा विद्यार्थी कायम एक्सेलमध्ये आकडे भरणाराच राहतो.

संमतीचं म्हणाल तर २००९-१० मधलं तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्ममचं एचपीव्ही लस प्रकरण विसरू नका. अमेरिकी संस्थेचा प्रकल्प, आदिवासी मुली, आणि अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या. सरकारने प्रकल्प थांबवला, संसदीय समितीने ताशेरे ओढले, आणि लसीबद्दलचा संशय पुढे कित्येक वर्षं पुरला. आपल्याकडे सरपंचाने हो म्हटलं की गावाने हो म्हटलं असं धरण्याची सवय आहे. सरपंचाची परवानगी मंडप टाकायला लागते. तपासणीला होकार त्या बाईचाच हवा, आणि तोही सासू बाहेर बसलेली असताना.

आता प्रशिक्षण, ज्यावर तुमचे डीन सर्वांत खूश असतील. प्रस्तावात बहुधा लिहिलं असेल की दरवर्षी दोन पीजी विद्यार्थी आठ आठवड्यांसाठी अमेरिकेत. जरूर पाठवा, मुलांचं भलं होतं. पण ती मुलं एमडी झाल्यावर तुमच्या तालुक्यात राहणार नाहीत, आणि त्यांनी का राहावं? तुमच्याकडे टिकणारी माणसं वेगळी आहेत: नोंदणीचा डेटा सांभाळणारा मुलगा, पॅथॉलॉजीतली तंत्रज्ञ, सिस्टर, समाजसेवक. माझ्या मते प्रशिक्षणाचा पहिला रुपया डेटा मॅनेजरवर खर्च व्हावा. चांगला डेटा मॅनेजर असलेलं छोटं महाविद्यालय पुढचे तीन प्रकल्प स्वतःच्या बळावर मिळवतं. फक्त त्याला ११ महिन्यांच्या ऑर्डरवर ठेवू नका, तो तिसऱ्या ऑर्डरनंतर पुण्याच्या आयटी कंपनीत जातो. महाविद्यालयाने तिसऱ्या वर्षापासून त्याचं पद स्वतःच्या पगारपत्रकावर घ्यायचं, हे कलम तुमच्या बाजूने तुम्हीच करारात घाला. डीनना हे आवडणार नाही. नुसती परदेशी भागीदाराची परीक्षा घेऊन चालत नाही, आपल्या संस्थेचीही घ्यावी लागते.

आणि प्रशिक्षण दोन्ही दिशांनी असू द्या. त्यांचे विद्यार्थी इथे यावेत, पण पंधरा दिवसांच्या फोटोंसाठी नको. किमान तीन महिने, मराठी येणाऱ्या सहकाऱ्यासोबत, आणि त्यांचा प्रबंध तुमच्या विभागातल्या कुणाच्या तरी सहमार्गदर्शनाखाली. देशातलं शिक्षणही विसरू नका: टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं) मिळून तरुण संशोधकांसाठी संशोधन आराखडा लिहायला शिकवणारी 'क्रेडो' कार्यशाळा घेतात, निवासी, आठवडाभराची. विमानाच्या एका तिकिटात तुमच्याकडचे कितीतरी लोक असं काही शिकून येतील. तुमचं रुग्णालय ग्रिडचं सदस्य नसेल तर ते आधी करा. उपचाराचा रस्ता बसवायला अमेरिकेपेक्षा ग्रिड जास्त उपयोगी आहे.

कागदांची रांग लांब आहे, पण त्यात गूढ काही नाही. संस्थेची एथिक्स कमिटी नोंदणीकृत हवी. परदेशी सहभागाचा आरोग्य संशोधन प्रकल्प आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीपुढे जातो. चाचणी असेल तर सीटीआरआयवर (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) पहिली स्त्री घेण्याआधी नोंद. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र तर हवंच, नाहीतर आशाताई येणार नाहीत, आणि यायलाही नयेत. अमेरिकी भागीदाराच्या वेळापत्रकात या सगळ्याला तीन महिने धरलेले असतात. तुम्ही वर्ष धरायला सांगा.

डीनना काय सांगायचं, हे शेवटी विचारलंत. सांगा, एमओयूवर सही करा, सोबत दोन पानांचं परिशिष्ट जोडू. त्यात दोन प्रमुख, लेखकांचा क्रम, नमुने आणि डेटाची मालकी, पॉझिटिव्ह स्त्रीच्या उपचाराची जबाबदारी आणि पैसा मध्येच थांबला तर काय, एवढंच. मग मोठ्या अर्जाची घाई न करता एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत सहा महिन्यांचं छोटं काम मागा: तपासणी झालेल्या, पॉझिटिव्ह निघालेल्या, पोचलेल्या आणि उपचार झालेल्या बायका, एवढे चारच आकडे. त्याला लागणारा पैसा इतका कमी आहे की कुठल्याही कॅन्सर सेंटरला तो पायलट निधीतून देता येतो. ते 'आधी मोठं अनुदान येऊ द्या' म्हणाले तर तुम्हाला घाई करायचं कारण नाही. परिशिष्टाचा मसुदा तयार झाला की नावं-गावं काढून इथे टाका. कुठलं कलम कच्चं आहे ते बघून सांगते.